रेड रूट फ्लोटर कसं वाढवायचं: पानं कोरडी, पाणी संथ

माशांच्या टँकच्या पाण्यावर तरंगणारी, नखाएवढ्या गोल पानांची आणि गडद लाल मुळांची ही वनस्पती आवळ्याच्या जवळच्या नात्यातली आहे. आवळा म्हणजे फिलँथस एम्ब्लिका, तर ही फिलँथस फ्लुइटान्स. पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवणारी भुईआवळीही याच प्रजातीतली. मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं अमेझॉन खोरं. १८६३ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. फ्लुइटान्स म्हणजे तरंगणारी. प्रजातीतली बाकी मंडळी जमिनीवर झाडं-झुडपं होऊन उभी आहेत, मुक्तपणे पाण्यावर तरंगणारी म्हणून हीच ओळखली जाते.

नवीन माणूस ही वनस्पती आणतो, पीएच मोजतो, खताची बाटली आणतो आणि तीन आठवड्यांत तपकिरी चोथा गोळा करतो. कारण बहुतेक वेळा पाण्यात नसतंच, पाण्याच्या वर असतं. फिल्टरची धार, झाकणावरून टपकणारे थेंब, तोंडाशी आलेला दिवा. म्हणून या लेखात पाण्यापेक्षा पृष्ठभागावर जास्त वेळ घालवला आहे.

१. काय काय लागेल

खालचा सगळा हिशोब दोन फुटी टँकचा आहे: २ × १ × १ फूट, म्हणजे खडी वगैरे धरून प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर पाणी.

- रोपं: १० ते १५, प्रत्येकी निदान ३-४ पानांची
- एअर पंपाला लावतो तो साधा पाइप, १ मीटर, आणि त्याचा एक सरळ जोड
- दोन रबरी सक्शन कप
- एलईडी दिवा आणि टायमर
- नायट्रेट तपासायच्या पट्ट्या किंवा ड्रॉप किट
- टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र (बोअरचं पाणी असेल तर नक्कीच)
- एक पांढरी बादली किंवा पसरट टब
- अँटी-क्लोरीन
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि सुई नसलेली १० मिलीची सिरिंज

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. पानं हवेत असतात, त्यांना तो हवेतूनच मिळतो. दुकानदार गळ्यात मारत असेल तर बुडालेल्या झाडांसाठी घ्यायचा का ते वेगळं ठरवा.

२. विकत घेताना

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या माशांच्या दुकानांत, इतर शहरांत रोपांचे टँक ठेवणाऱ्या दुकानांत ही मिळते. बरेच जण कुरिअरनेही मागवतात. नग मोजून किंवा कपाने विकतात. कपाने घेताना कपात तळाला काय आहे ते बघा, वर चार चांगली पानं आणि खाली गाळ हा प्रकार नेहमीचा.

ओळख पटवून घ्या, कारण सॅल्व्हिनिया आणि फ्रॉगबिट या दुसऱ्या तरंगत्या वनस्पतीही अशाच दिसतात. सॅल्व्हिनियाच्या पानावर बारीक केसांची लव असते आणि त्याला खरी मुळं नसतात. मुळांसारखं जे लोंबतं ते बदललेलं पानच. फ्रॉगबिटचं पान जाड असून खालून स्पंजसारखं फुगलेलं असतं. रेड रूट फ्लोटरचं पान पातळ, गोल, देठाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना छोटे फुगवटे असतात आणि त्यांच्याखाली हवा अडकते, त्यावरच ते तरंगतं. पानावर पाण्याचा थेंब सोडला तर अळूच्या पानावरून घसरतो तसा घसरायला हवा. थेंब पसरला तर ते पान संपत आलंय.

रंग बघून भुलू नका. दुकानातली लाल पानं बहुधा कडक उन्हातल्या टाकीतली असतात, घरच्या दिव्याखाली पंधरा दिवसांत हिरवी होतात. तुम्ही शेंडा बघा: टोकाला लहान, ताजी, चकचकीत पानं दिसली की रोप घ्या.

कुरिअर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. एप्रिल-मेमध्ये पाकिटात रोपं अक्षरशः शिजतात. विक्रेत्याला पाणी न भरता ओल्या टिश्यूत पाठवायला सांगा. पाण्यासकट पिशवी हिंदकळत आली की पानं दोन्ही बाजूंनी भिजतात.

३. आल्याबरोबर टँकमध्ये टाकू नका

पांढऱ्या बादलीत क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, रोपं त्यात सोडा आणि आठवडाभर उजेडात ठेवा. पांढरी अशासाठी, की त्यात बारीकसारीक पाहुणे दिसतात. सगळ्यांत त्रासदायक पाहुणा डकवीड, ही अगदी चिमुकली तरंगती वनस्पती. मुळांत अडकलेला त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपकाही पुरेसा असतो. महिन्याभरात तो टँकभर होतो आणि पुढची वर्षं तुम्ही तो वेचत बसता. दर दोन दिवसांनी रोपं एकेक उचलून मुळं स्वच्छ पाण्यात हलकेच हलवा आणि पाणी बदला. गोगलगायींची जेलीसारखी अंडी पानांच्या खालच्या बाजूला असतात, ती नखाने काढा.

पोटॅशियम परमँगनेट, तुरटी, ब्लीच हे उपाय जाड पानांच्या झाडांसाठी. इथे त्यांनी गोगलगाय मरण्याआधी रोप मरतं.

या आठवड्यात जुनी पानं तपकिरी होतील. होऊ द्या. शेंडा हिरवा असेपर्यंत रोप जिवंत आहे. फक्त गळलेली पानं रोज काढत जा. संपूर्ण कुजतंय असं वाटून पाचव्या दिवशी बादली ओतून देणारे पुष्कळ.

४. संथ जागा तयार करा

ही वनस्पती अमेझॉनच्या मुख्य धारेत वाढत नाही, कडेच्या साचलेल्या, संथ पाण्यात वाढते. टँकमध्ये ती फिल्टरच्या धारेखाली गेली की पान उलटतं, वरची मेणचट बाजू भिजते आणि कुजायला लागते. एकदा भिजून चालतं. रोज भिजून चालत नाही.

पाइपचं कडं करा. एक मीटर पाइपची दोन्ही टोकं जोडाने जुळवली की सुमारे ३२ सेंमी व्यासाचं कडं होतं. फुटभर रुंद टँकमध्ये ते थोडं लंबगोल बसतं आणि पृष्ठभागाचा साधारण चाळीस टक्के भाग घेतं. नेमकं तेवढंच हवं. जोड घट्ट बसवा, आत पाणी शिरलं तर कडं बुडतं. सक्शन कपांनी ते फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात अडकवा, पण कपात पाइप सैल असू द्या. बाष्पीभवनाने पाणी खाली जातं; कडं घट्ट बांधलेलं असेल तर ते वर लटकत राहतं आणि रोपं खालून निसटतात.

आता फिल्टर. मागे टांगायचा फिल्टर असेल तर पाण्याची पातळी त्याच्या ओठापर्यंत भरून ठेवा. धार जितकी कमी उंचीवरून पडेल तितके शिंतोडे कमी. आतला पॉवर फिल्टर असेल तर तोंड पाण्याखाली २-३ सेंमी आणि काचेकडे वळवा. स्पंज फिल्टर नवख्यांसाठी सगळ्यांत बरा, पण त्याचे बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात. हवेचा कॉक अर्धा बंद करा आणि कडं त्याच्यापासून निदान १५ सेंमी लांब ठेवा.

पाणी संथ झालं की दुसरी अडचण येते: वर तेलकट साय धरते. माशांच्या खाण्यातलं तेल आणि जिवाणू मिळून ती होते. कड्याबाहेरच्या भागावर साधा, छपाई नसलेला टिश्यू पेपर अलगद पसरा आणि उचला; दोन-तीन वेळा केलं की साफ. यंत्राने साय ओढणारा स्किमर लावायचाच असेल तर आधी कडं नीट बसलंय ना ते बघा, नाही तर तो रोपंच गिळतो.

कड्याबाहेर मोकळी राहिलेली जागा खाणं टाकण्यासाठी. पानांवर पडलेलं खाणं तिथेच सडतं.

५. झाकण

पूर्ण बंद काचेच्या झाकणाखाली वाफ धरते, थेंब होतात आणि दिवसभर पानांवर टपकतात. पानांवर गोल तपकिरी डाग दिसले की आधी मान वर करून झाकण बघा.

काचेचं झाकण मागच्या बाजूला २ सेंमी खाली राहील असं तिरकं ठेवा, म्हणजे थेंब घरंगळत मागच्या काचेवरून उतरतात. पाणी आणि झाकण यांत निदान ५ सेंमी अंतर आणि पुढे बोटभर फट हवी. उड्या मारणारे मासे असतील तर काचेऐवजी मच्छरदाणीची नायलॉन जाळी चौकटीवर ताणून लावा. यापेक्षा चांगलं झाकण या रोपासाठी नाही.

उलट टोकही आहे. उघड्या टँकवर एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट येत असेल तर पानांच्या कडा कुरकुरीत वाळतात. कोकणात जुलैमध्ये झाकण काढून ठेवा, नागपुरात मेमध्ये जाळीवर अर्धी काच टाका. एकच नियम बारा महिने चालत नाही.

६. पाणी

पीएच ६ ते ७.५, तापमान २२ ते २८ अंश ही आरामाची पट्टी. थोडं इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक शहरांत पुरेसं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असतं, फक्त क्लोरीन काढायचं.

बोअरचं पाणी हा वेगळा मामला. क्षार मुळात जास्त, त्यात उन्हाळ्यात रोज लिटरभर उडतं आणि आपण पुन्हा बोअरचंच भरतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तीन महिन्यांत टीडीएस कुठल्या कुठे जातो आणि रोपांची नवी पानं खुरटी निघू लागतात. उडालेलं पाणी भरून काढायला आरओचं शुद्ध पाणी किंवा पहिले दोन पाऊस सोडून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. बोअरचं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलात, तेही आरओबरोबर निम्मं-निम्मं.

इथे एक मोठी फसगत होते: आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टँकला वापरणं. काटकसर म्हणून ठीक, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्याने फरशी पुसा.

७. उजेड

रोज ८ तास, टायमरवर. दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंमी वर. बुडालेल्या झाडांसाठी दिवा खाली आणतात, पण तरंगणाऱ्या पानावर मध्ये पाण्याचा थर नसतो, सगळा प्रकाश आणि उष्णता थेट बसते. दिव्याच्या अगदी खालचीच पानं फिकट पडून मधोमध करपली असतील तर दिवा १० सेंमी वर घ्या.

८. खत: किती आणि कोणतं

मुळं पाण्यातच लोंबतात, त्यामुळे खडीत पुरायच्या गोळ्यांचा उपयोग शून्य. जे द्यायचं ते पाण्यातून.

मासे भरपूर असतील तर नायट्रेट त्यांच्या विष्ठेतूनच येतं. आधी पट्टीने मोजा. १० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर असेल तर नायट्रेट घालू नका. पट्टी शून्य दाखवत असेल आणि पानं लहान होत चालली असतील तरच खालचं करा.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पूर्ण विरघळणारं, ठिबकला वापरतात तेच. त्याचे १० ग्रॅम ५०० मिली आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १० मिली म्हणजे ०.२ ग्रॅम खत. दोन फुटी टँकमध्ये त्याने नायट्रेट साधारण अडीच पीपीएमने वाढतं. आठवड्यातून दोनदा, पाणीबदलानंतर. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

त्याच दुकानात शेजारी १९-१९-१९ चं पोतं असतं. ते आणू नका. त्यातला नत्र बराचसा युरिया आणि अमोनियम रूपात असतो. टँकमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि मासे जातात. शिवाय त्यातल्या भरमसाट स्फुरदाने शेवाळाची शेती होते.

लोह वेगळं द्या. चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेल्या, लोहाचे दोन प्रकार मिळतात, ईडीटीए आणि डीटीपीए. पाण्याचा पीएच सातच्या आसपास किंवा वर असेल तर डीटीपीए घ्या, ईडीटीएमधलं लोह तिथे टिकत नाही. ११ टक्क्यांच्या डीटीपीए लोहाचे ५ ग्रॅम ५०० मिली आरओ पाण्यात, गडद रंगाच्या बाटलीत, उजेडापासून दूर. आठवड्यातून एकदा ४ मिली, म्हणजे टँकमध्ये सुमारे ०.१ पीपीएम. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्र खत घेत असाल तर डब्यावर तांबं किती ते वाचा; शोभेचे झिंगे पाळले असतील तर तांब्याने ते मरतात.

९. पानं लाल का होत नाहीत

सगळ्यांना हवा असतो तो हाच रंग. पानातला लाल रंग अँथोसायनिनचा. उजेड भरपूर आणि नायट्रेट कमी अशी जोडी जमली की वनस्पती तो बनवते. म्हणजे एका अर्थी लाल पान हे थोडं उपाशी पान आहे. नायट्रेट ५ पीपीएमच्या आत, दिवा जोरदार, पोटॅशियम आणि लोह मात्र पुरेसं, असं ठेवलं की पानं तांबूस होतात. याच्या पुढे जाऊन नायट्रेट महिनाभर शून्यावर ठेवलं तर पानं गडद लाल पण मुगाच्या डाळीएवढी होतात आणि वाढ थांबते.

खाली तुमची दुसरी झाडं असतील तर तीही याच पाण्यावर जगतायत हे विसरू नका. आमचं मत विचाराल तर सशक्त हिरवं पान आणि खाली लोंबणारी लाल मुळं हे अर्धमेल्या लाल पानांपेक्षा जास्त देखणं दिसतं. रोप खूश असलं की पानांच्या बेचक्यात काही मिलिमीटरची पांढरी, सहा दलांची फुलंही येतात.

१०. दर आठवड्याची विरळणी

सगळं जमलं की दहा-पंधरा दिवसांत रोपं दुप्पट होतात. अर्ध्यापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका: खालच्या झाडांना उजेड मिळत नाही आणि पाण्यात प्राणवायू मिसळायला उघडा पृष्ठभाग कमी पडतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हेच कारण असू शकतं. गर्दी झाली की पानं एकमेकांवर चढतात, खालची भिजतात, कुजतात.

रविवारी एकतृतीयांश काढा. जुनी, मागच्या टोकाची काढायची, शेंडे ठेवायचे. देठ नखाने खुडता येतो. प्रत्येक तुकड्याला ३-४ पानं आणि थोडी मुळं असली की ते नवं रोप झालं. बियांच्या भानगडीत पडायची गरज नाही. दिवाळीत आठवडाभर गावाला जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी निम्मी काढून टाका.

११. काय बिघडलंय ते पानावरून

*नवी पानं फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्या:* लोह कमी, किंवा पीएच जास्त असल्याने दिलेलं लोह मिळत नाहीये.

*जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं, कडा पिवळ्या:* पोटॅशियम कमी.

*पानं लहान, लाल, मुळं खूप लांब:* नायट्रेट संपलंय.

*नवं पान वाकडं, चुरगळलेलं:* कॅल्शियम कमी. निव्वळ आरओ पाण्यावर टँक चालवणाऱ्यांकडे हटकून दिसतं. निम्मं नळाचं पाणी मिसळा.

*मुळं गळून पडतायत:* एकदम मोठा पाणीबदल केला का ते आठवा. एका वेळी पाव टँकच बदला. गोल्डफिश असेल तर शोध इथेच संपतो, तो मुळंच काय, पानंही खातो. गप्पी, टेट्रा, फायटर यांच्याबरोबर काही अडचण नाही. फायटर तर मुळांच्या आडोशाला फेसाचं घरटं बांधतो.

*पानांवर हिरवे-काळे ठिपके आणि ते चालतायत:* मावा. कडुलिंबाचं तेल किंवा कुठलंही कीटकनाशक मारू नका, खाली मासे आहेत. रोप उचलून बादलीत झटका, मावा पाण्यात पडतो; जास्त माखलेली रोपं फेकून द्या. दर दोन दिवसांनी, निदान तीन वेळा करा.

१२. बाल्कनीतल्या टबात

पसरट टबात ही टँकपेक्षा जोमाने वाढते आणि लालही होते. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. मार्चपासून ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. टब उथळ नको, निदान फुटभर खोल असू द्या, नाही तर मेमध्ये पाणी उकळल्यासारखं तापतं. पावसात टब छपराखाली घ्या, कारण मुसळधार सर म्हणजे फिल्टरच्या धारेचा मोठा भाऊ. पुण्या-नाशकाकडे थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खत निम्म्यावर आणा.

मासे नसलेला टब ठेवूच नका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं टब-बादल्या तपासायला येतात. पाच-सहा गप्पी सोडले की अळ्या उरत नाहीत. डास आटोक्यात ठेवायला गप्पी सोडणं ही सरकारी पद्धतही आहे.

१३. जास्तीची रोपं

ओढ्यात, तलावात, विहिरीत किंवा गटारात नाही. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतूनच शोभेची म्हणून आली आणि आज पवना, मुळा-मुठा, रंकाळा साफ करायला दर वर्षी यंत्रं उतरवावी लागतात. केरळात सॅल्व्हिनियाने तेच केलं. रेड रूट फ्लोटर त्यांच्याइतकी दांडगी नाही, पण फ्लोरिडात २०१० मध्ये ती मोकळ्या पाण्यात सापडलीच.

काढलेली रोपं वर्तमानपत्रावर पसरून उन्हात दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा. हिरवी असतानाच ओल्या मातीवर टाकली तर ती तिथे तग धरू शकते. वाळल्यावर हातानेच चुरा होतो. तो कुंडीच्या मातीत मिसळा. टँकमधलं नायट्रेट त्यात साठलेलं असतं, कढीपत्त्याला चांगलं लागू पडतं.